योगायोग किती आणि गुण किती ?

लंडनच्या उत्तरेस हार्पेंडन म्हणून एक गांव आहे. तेथील रोथॅम्स्टेडची शेतकी संशोधनशाळा जुनी आणि नामांकित. १९२० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतली गोष्ट. तिसऱ्या प्रहरीं मंडळी चहाला जमली असतां रोनाल्ड फिशर या तरुण संख्याशास्त्रज्ञानें चहाचा पेला भरून शेजारच्या म्यूरिएल ब्रिस्टल यांच्यापुढें केला. बाई शेवाळाच्या अभ्यासक होत्या. त्यांनीं पेला नाकारला. कारण काय, तर फिशरनें आधीं चहा ओतून मग त्यांत दूध घातलें होतें, आणि बाईंना दूध आधीं व चहा मागाहून असाच पेला रुचत असे. फिशरला हें खरें वाटेना. दूध चहांत पडलें काय आणि चहा दुधांत पडला काय, शेवटीं पेल्यांत जें व्हावयाचें तें एकच ! बाई मात्र आपल्या म्हणण्यापासून ढळेनात. चवीवरून हा फरक हटकून ओळखतां येतो, असें त्यांचें ठाम मत. जवळच विल्यम रोच नांवाचे रसायनशास्त्रज्ञ होते. (पुढें ब्रिस्टलबाईंचा विवाह यांच्याशींच झाला.) वाद कशाला, परीक्षाच घ्यावी, असें त्यांनीं सुचविलें.

असले वाद कोणत्या घरांत होत नाहींत ? पाट्यावर वाटलेली चटणी आणि यंत्रांत वाटलेली चटणी यांतला भेद डोळे मिटून सांगतां येतो असें आजीबाई म्हणतात, नातवंडें हंसतात, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा पक्ष खरा ठरतो. फिशरनें या चहाच्या वादाचें जें केलें तें मात्र घरोघर होत नाहीं. १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगरचनेवरील आपल्या पुस्तकांत त्यानें हीच परीक्षा एका प्रकरणाचा विषय केली, आणि माणसाच्या ज्ञानेंद्रियांची, स्मरणाची, कलाची किंवा बुद्धीची परीक्षा घेतांना योगायोग वगळावा कसा, याचा एक सोपा नमुना मानसशास्त्रज्ञांच्या हातीं दिला.

परीक्षा घ्यावयाची कशी ? एकच पेला पुढें ठेवला तर डोळे मिटून उत्तर देणाराही निम्म्या वेळां बरोबर येणार. म्हणून फिशर आठ पेले घेतो. चारांत दूध आधीं, चारांत चहा आधीं. बाईंना ही गोष्ट सांगितलेली असते. दूध आधीं घातलेले चार पेले निवडून बाजूला काढावयाचे, एवढेंच त्यांचें काम. पेले कोणत्या क्रमानें द्यावयाचे हें मात्र कोणीहि आपल्या मनानें ठरवावयाचें नाहीं. तें चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचें. ही अट पुष्कळांना उगीच वाटते, पण सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे. एक पेला जरा जाड असेल, एकांत साखर अंमळ जास्त पडली असेल, शेवटचा निवाला असेल. हे सर्व फरक नाहींसे करणें मनुष्याच्या हातचें नाहीं. परंतु क्रम चिठ्ठीनें ठरला म्हणजे हे फरक कोणा एकाच्या पदरांत मुद्दाम पडत नाहींत, आणि मग पुढचा हिशेब बिनधोक करतां येतो.

हिशेब असा. आठांतून चार पेले निवडावयाचे तर पहिला आठ तऱ्हांनीं, दुसरा सात, तिसरा सहा आणि चौथा पांच तऱ्हांनीं निवडतां येईल, गुणाकार १६८०. पण तेच चार पेले मागेंपुढें उचलले तरी निवड तीच, आणि चार वस्तूंचे क्रम २४ होतात. १६८० ला २४ नें भागलें कीं ७० येतात. याचा अर्थ, आठांतून चारांच्या निराळ्या निवडी सत्तर, आणि त्यांपैकीं सर्वस्वीं बरोबर अशी एकच. तीन बरोबर व एक चूक अशा निवडी सोळा. कारण चार खऱ्यांतला कोणताहि एक सुटावा आणि चार खोट्यांतला कोणताहि एक त्याच्या जागीं यावा. दोन बरोबर, दोन चूक अशा छत्तीस. एकच बरोबर अशा पुन्हां सोळा. आणि सगळेच चुकले अशी एक. बेरीज सत्तर भरते. मॅट्रिकच्या वर्गांतला विद्यार्थी हें गणित पाटीवर सोडवील. त्यांतून निघणारा अर्थ मात्र मोठमोठ्या विद्वानांनाहि चकवून गेला आहे.

तो अर्थ लावण्याची रीत उलटी आहे. बाईंना फरक कळतो, असें सिद्ध करावयाचें असेल तर आरंभीं नेमकें उलट गृहीत धरावयाचें : बाईंना कांहींहि कळत नाहीं, त्या केवळ अंदाजानें पेले उचलतात. यास शून्य गृहीतक म्हणतात. हें गृहीतक खरें असेल तर सत्तरही निवडी सारख्याच संभवनीय, आणि चारही पेले अचूक निघण्याचा संभव सत्तरांत एक, म्हणजे शेंकडा दीडाहूनहि कमी. बाईंनीं सर्व पेले अचूक ओळखले, तर दोहोंपैकीं एक गोष्ट मानावी लागते : एकतर सत्तरांत एकदां घडणारी दुर्मिळ गोष्ट आज घडली, किंवा बाईंना खरोखरच फरक कळतो. आणि एक पेला चुकला तर ? तीन किंवा अधिक बरोबर येण्याच्या निवडी सतरा. सत्तरांत सतरा म्हणजे जवळजवळ चारांत एक. इतक्या सहज घडणाऱ्या गोष्टीवरून कोणी कोणाचा गुण मान्य करीत नाहीं. आठाऐवजीं सहाच पेले घेतले असते तर निवडी वीसच झाल्या असत्या, आणि अचूक उत्तराचें वजनहि वीसांत एक एवढेंच राहिलें असतें. परीक्षा किती लांब घ्यावी हें असें आधींच बसून ठरवितां येतें.

फिशरनें पुस्तकांत बाईंचें नांव दिलें नाहीं आणि निकालहि दिला नाहीं. बाईंनीं आठही पेले अचूक ओळखले, असें मागाहून तेथें हजर असल्याचें सांगणाऱ्यांच्या आठवणींतून कळतें.

वीसांत एक, हा आंकडा पुढें फार गाजला. निव्वळ योगायोगानें वीसांत एकदांहूनहि क्वचित् घडेल असा निकाल आला तर त्यास 'सार्थ' म्हणावें, असा संकेत फिशरच्या १९२५ च्या पुस्तकानें रूढ केला. हा सोयीसाठीं पाडलेला संकेत आहे. निसर्गानें आंखलेली रेषा नव्हे. फिशरचें स्वतःचें म्हणणेंहि बरेंच सावध होतें. नीट रचलेला प्रयोग पुन्हां पुन्हां केला असतां ही पायरी क्वचितच हुकते, असें दिसेल तेव्हांच ती गोष्ट शास्त्रांत सिद्ध मानावी, अशा आशयाचें त्यानें १९२६ सालीं लिहून ठेवलें आहे. संकेताचा पहिला अर्धा भाग सर्वांनीं उचलला आणि दुसरा अर्धा सोयिस्करपणें विसरले.

'सार्थ' या शब्दाभोंवतीं दोन गैरसमज आहेत. एक असा कीं, सत्तरांत एक हा बाईंना कांहीं न कळण्याचा संभव आहे. तसें नाहीं. बाईंना कांहीं कळत नसेल तर असा निकाल येण्याचा तो संभव आहे. दोन्ही वाक्यें ऐकावयास सारखींच वाटतात, पण आपल्याकडील नैयायिकांनीं हा भेद कधींच स्पष्ट केला होता : जेथें धूर तेथें अग्नि, हें खरें; म्हणून जेथें अग्नि तेथें धूर असलाच पाहिजे असें नाहीं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. वाक्य उलटें फिरवितांना हा गोळा हातांत येतो आणि बोटें भाजतात. दुसरा गैरसमज असा कीं, सार्थ म्हणजे मोठें किंवा महत्त्वाचें. हजारों माणसें तपासलीं तर अगदीं नगण्य फरकहि सार्थ ठरतो. आणि माणसें थोडीं असतील तर खरा फरकहि कसोटीला उतरत नाहीं. तीन पेले बरोबर आणणाऱ्या बाईंना कदाचित् थोडेंफार कळतहि असेल. आठ पेल्यांची परीक्षा तें दाखवावयास अपुरी, इतकेंच.

मानसशास्त्रांत बहुतेक वेळां एकाच माणसाची दोन निरनिराळ्या परिस्थितींत तुलना करावी लागते. त्यासाठीं आणखी एक सोपी कसोटी आहे. तिला अधिक-उण्याची कसोटी म्हणावें. अमेरिकेंत मिशिगन संस्थानांतील कॅलामाझू येथील मनोरुग्णालयांत दहा रोग्यांवर झोपेच्या औषधांचे प्रयोग झाले होते; कुश्नी आणि पीबल्स या दोघांनीं ते १९०५ सालीं प्रसिद्ध केले. दुसऱ्या औषधानें पहिल्यापेक्षां किती तास अधिक झोप लागली, याचे दहा आंकडे असे : १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६ आणि १.४. यांत एका रोग्यास दोन्ही औषधें सारखींच लागू पडलीं; त्यास बाजूला ठेवावें. उरलेल्या नऊंच्या नऊ जणांस दुसऱ्यानेंच अधिक झोप आली. दोन्ही औषधांत मुळींच फरक नसता तर प्रत्येकाच्या बाबतींत कौल इकडे पडावा कीं तिकडे, हें नाणें उडविल्यासारखें झालें असतें. नऊ वेळां नाणें उडवून नऊही वेळां छापाच पडण्याचा संभव ५१२ त एक. आणि नऊही वेळां काटा पडला असता तरी आश्चर्य तेवढेंच वाटलें असतें, म्हणून तोहि धरला तर २५६ त एक. कसोटी संपली. लागलें काय, तर दोनचा पाढा.

या कसोटींत एक तोटा आहे. ४.६ तासांचा फरक आणि ०.८ तासाचा फरक यांस ती एकाच मापानें मोजते. अधिक तें अधिक. तासांचा हिशेब न सोडणारी बारीक रीत डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेंत नोकरीस असलेल्या विल्यम गॉसेट यानें 'स्टूडंट' या टोपणनांवानें १९०८ सालीं मांडली, आणि उदाहरण म्हणून हेच दहा आंकडे घेतले. गंमत अशी कीं, गणितांत इतका चोख असलेल्या या गृहस्थानें औषधांचीं नांवें चुकीचीं लिहिलीं, आणि ती चूक फिशरनें १९२५ च्या पुस्तकांत जशीच्या तशी उतरून घेतली.

अधिक-उण्याची कसोटी तशी फार जुनी आहे. इंग्लंडच्या अ‍ॅन राणीचे वैद्य जॉन आर्बथनॉट यांनीं १७१० सालीं लंडनमधील बाप्तिस्म्यांचीं ८२ वर्षांचीं दप्तरें तपासलीं. प्रत्येक वर्षीं मुलगे मुलींपेक्षां अधिक. ८२ वेळां नाणें उडवून ८२ वेळां छापा पडणें अशक्यप्राय, तेव्हां हा योगायोग नव्हे, हें त्यांचें म्हणणें बिनतोड आहे. पण तेवढ्यावर न थांबतां, ही ईश्वराचीच योजना होय, असा निर्णय त्यांनीं देऊन टाकला. मुलग्यांचा जन्म मुलींपेक्षां किंचित् अधिक होतो हा सर्वत्रचा अनुभव आहे. पण तसें कां होतें, याबद्दल त्या ८२ वर्षांच्या आंकड्यांत एक अक्षरहि नाहीं. कसोटी योगायोगाला दार दाखविते. रिकाम्या जागीं कोणाला बसवावयाचें, हें ती सांगत नाहीं.

मानसशास्त्रावर खरें संकट आलें तें मात्र निराळ्याच वाटेनें. २०११ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे डॅरिल बेम यांनीं नऊ प्रयोग प्रसिद्ध केले. एकंदर हजाराहून अधिक माणसें त्यांत होतीं, आणि नऊपैकीं आठ प्रयोग त्यांच्या मतें सार्थ ठरले. निष्कर्ष काय, तर मनुष्यास पुढें घडणाऱ्या गोष्टीची चाहूल आधींच लागते ! एका प्रयोगांत पडद्यावर दोन आडपडदे दाखवीत. कोणत्यामागें चित्र आहे हें विद्यार्थ्यानें सांगावयाचें, आणि संगणक त्यानंतरच चित्राची जागा ठरविणार. शृंगारिक चित्रांच्या बाबतींत उत्तरें शेंकडा ५३.१ बरोबर आलीं. इतर चित्रांच्या बाबतींत निम्म्यांच्याच आसपास. दुसऱ्या कांहींनीं बेम यांचे प्रयोग पुन्हां करून पाहिले, तेव्हां त्यांना ती चाहूल आढळली नाहीं.

बेम यांनीं लबाडी केली असें नव्हे. आणि म्हणूनच मानसशास्त्रज्ञांची झोप उडाली. रूढ पद्धतीनें, रूढ कसोट्या लावून, नामांकित नियतकालिकांत जर हें सिद्ध होतें, तर त्याच पद्धतीनें सिद्ध झालेल्या बाकीच्या गोष्टींचें काय ? त्याच वर्षीं सिमन्स, नेल्सन आणि सायमनसन या तिघांनीं मुद्दाम एक वेडगळ गोष्ट सिद्ध करून दाखविली : बीटल्स या गायकसंघाचें एक गाणें ऐकल्यानें विद्यार्थ्यांचें वय सुमारें दीड वर्षानें कमी होतें. वाटतें असें नव्हे, जन्मतारखेवरून मोजलेलें वय ! प्रयोग खरा, विद्यार्थी खरे, कसोटीहि खरी. मग गोम कोठें होती ? त्यांनीं पुष्कळ गोष्टी विचारून ठेवल्या होत्या आणि सोयीच्या तेवढ्याच सांगितल्या. माणसें किती घ्यावयाचीं हें आधीं न ठरवितां मधून मधून आंकडे पाहिले आणि मनासारखा निकाल येतांच थांबले. अशा चार सवलती एकदम घेतल्या तर, मुळांत कांहींच नसतांना सार्थ निकाल हातीं लागण्याचा संभव शेंकडा पांचावरून साठाच्या वर जातो, असें त्यांनीं हिशेबानें दाखविलें. साध्या उदाहरणानेंहि हें पटेल. एकमेकांशीं संबंध नसलेले वीस पोकळ प्रश्न विचारले आणि प्रत्येकास वीसांत एक हा संकेत लावला, तर निदान एक तरी प्रश्न सार्थ ठरण्याचा संभव शेंकडा चौसष्ट. एकोणीस कागद टोपलींत आणि विसावा छापखान्यांत गेला, म्हणजे वाचणाऱ्यास कळावें कसें ? ब्रिस्टलबाईंनीं पन्नास दिवस रोज परीक्षा दिली असती आणि जमलेला एकच दिवस जगाला सांगितला असता, तर सत्तरांत एक या आंकड्याची किंमत ती काय राहिली असती ?

२०१५ सालीं अनेक देशांतील संशोधकांनीं मिळून मानसशास्त्रांतील शंभर प्रसिद्ध प्रयोग पुन्हां करून पाहिले. मूळ प्रयोगांपैकीं शेंकडा ९७ सार्थ होते. दुसऱ्या खेपेस सार्थ ठरले ते शेंकडा ३६. तेव्हांपासून प्रश्न कोणता, माणसें किती, कसोटी कोणती आणि यश कशास म्हणावयाचें, हें सर्व प्रयोगापूर्वींच लिहून नोंदवून ठेवण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं पडली आहे.

पुण्यास झालेल्या एका परीक्षेंत ही खबरदारी त्याहि आधीं घेतली गेली होती. मुलाची बुद्धि पत्रिकेवरून सांगतां येते, हा दावा कोणास अपरिचित आहे ? मुलाची वाढ मंद आहे असें दिसूं लागलें कीं आईबाप डॉक्टराकडे जातात, तसे ज्योतिषाकडेहि जातात, आणि जें ऐकतात त्यावर घरांतले पुष्कळ निर्णय होतात. २००८ सालीं खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणें विद्यापीठांतील संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः पूर्वीं ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनीं हा दावा तपासावयाचें ठरविलें. शंभर हुशार मुलें आणि बुद्धीची वाढ मंद असलेलीं शंभर, अशा दोनशें मुलांच्या जन्मवेळा मिळवून एकाच रीतीनें पत्रिका मांडल्या. कोणती पत्रिका कोणाची याची नोंद विद्यापीठांत बंद करून ठेवली. प्रत्येक ज्योतिषास या दोनशेंतून चिठ्ठीच्याच न्यायानें निवडलेल्या चाळीस पत्रिका धाडावयाच्या. त्यानें एवढेंच सांगावयाचें कीं हुशार कोण आणि मंद कोण. चाळीसांपैकीं २८ उत्तरें बरोबर आलीं तर यश मानावयाचें, हें आधींच ठरलें होतें.

२८ च कां ? नाणें उडवून उत्तरें दिलीं तरी सरासरीनें वीस बरोबर येणारच; एकवीस, बावीस, तेवीस येणेंहि नित्याचें. पण २८ किंवा त्याहून अधिक येण्याचा संभव हजारांत सुमारें आठच. वीसांत एक या रूढ संकेतापेक्षां ही अट बरीच कडक होती, आणि कडक असणेंच योग्य होतें. कारण परीक्षेस बसणारे अनेक. सत्तावीस जण नुसतें नाणें उडवीत बसले तर त्यांतील एखाद्यानें २८ चा टप्पा गांठण्याचा संभव पांचांत एक इतका होतोच.

५१ ज्योतिषांनीं पत्रिका मागविल्या. २७ जणांनीं उत्तरें पाठविलीं. २८ चा टप्पा कोणीहि गांठला नाहीं. सर्वांत अधिक म्हणजे २४ उत्तरें एकाचीं बरोबर आलीं. केवळ नाण्याच्या कौलावर २४ किंवा अधिक येण्याचा संभव शंभरांत तेरा. म्हणजे सत्तावीस नाणीं उडविणाऱ्यांत असे तीन-चार निघाले असते. सर्वांची सरासरी निम्म्यांहून थोडी कमीच भरली. एका ज्योतिष-संस्थेनें मात्र दोनशेंच्या दोनशें पत्रिका मागवून घेतल्या आणि आपल्या मंडळींकडून तपासून उत्तरें धाडलीं. त्यांतलीं १०२ बरोबर होतीं. दोनशें वेळां नाणें उडविलें असतां १०२ किंवा त्याहून अधिक छापे शंभरांत बेचाळीस वेळां पडतात.

या परीक्षेंत तपासला गेला तो पत्रिकेवरून बुद्धि ओळखण्याचा एकच दावा. विवाह, नोकरी, आयुर्मान यांविषयींचे दावे तिनें तपासले नाहींत. त्यांसाठीं निराळ्या पत्रिका, आधीं ठरविलेली निराळी अट आणि निराळी मोजणी लागेल.